फळ्यावरच्या खालच्या दोन ओळी

अंतोन, तुझ्या मातीच्या दिवशी मी सगळं केलं. मंडपवाल्याला फोन केला, चर्चच्या आवारात खुर्च्या लावून घेतल्या, गावाकडून येणाऱ्या तुझ्या भावांसाठी गाडी पाठवली, पाण्याचे जार मागवले, दफनभूमीत खड्डा वेळेत होतोय की नाही ते दोनदा जाऊन बघितलं. दिघीच्या तुमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स वळत नव्हती, तर पुढे उभं राहून ती वळवून दिली. लोक म्हणाले, मित्र असावा तर विल्सनसारखा.

एकच केलं नाही. पेटी उघडी होती तेव्हा तुझ्याजवळ येऊन उभा राहिलो नाही. मार्थावहिनींनी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी हात वर करून 'आलोच' अशी खूण केली आणि जनरेटर बघायला गेलो. जनरेटर व्यवस्थित चालू होता.

बबनराव आले होते. आपल्या कंपनीत मशीनवर असलेले, मोशीचे. आता रिटायर झालेत, पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, एका कडेला हात जोडून उभे. मी तिसऱ्यांदा त्यांच्यासमोरून गेलो तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, "बसा जरा, साहेब. लई पळताय." एवढंच म्हणाले. पण ज्या डोळ्यांनी म्हणाले ते मला ओळखीचे होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मला असंच एकदा काहीतरी विचारलं होतं, आणि तेव्हाही मी कामात होतो.

तू असतास तर हसला असतास. म्हणाला असतास, "बघ विल्या, हा आला सातवा."

सातवा म्हणजे आळस. चर्चमागच्या शाळेच्या वर्गात दर रविवारी मिस्साची उपासना झाली की तू मोठ्या मुलांना धर्मशिक्षण द्यायचास, आणि उपवासकाळाच्या आदल्या रविवारपासून सात मूळ पापांचे सात रविवार धरायचास. गर्व, लोभ, कामवासना, क्रोध, खादाडपणा, मत्सर, आळस. पलीकडच्या वर्गात मी लहान मुलांची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी घ्यायचो. मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे तुझा आवाज माझ्या वर्गात आणि माझ्या मुलांचं 'स्वर्गातील आमच्या बापा' तुझ्या वर्गात. तू मुलांना सांगायचास, खोटं बोलणं, चोरी करणं, ही पापं म्हणजे रिजेक्ट झालेले पीस. आणि ही सात म्हणजे मशीन. रिजेक्ट पीस उचलून भंगारात टाकणं सोपं असतं, पण मशीन तसंच राहिलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा टोपलं भरतं. म्हणून यांना मूळ म्हणायचं.

फादरांना आधी हे पटलं नव्हतं. मुलांना मात्र लगेच कळायचं, कारण त्यांतल्या निम्म्यांचे बाप चाकणला मशीनवरच होते.

आपला वाद त्याच्याही आधीचा. चाकणहून सुटलेली कंपनीची बस मोशीच्या अलीकडे तासभर हलायची नाही. त्या तासात तू आणि मी किती वर्षं भांडलो. मी म्हणायचो, गर्व सगळ्यांत जड, पुस्तकात पहिला आहे तो उगाच नाही. तू म्हणायचास, गर्व निदान दिसतो तरी. माणूस मान वर करून चालतो, कुणीतरी त्याला टपली मारतं. आळस दिसत नाही. मी म्हणायचो, आळशी माणूस तर लांबून ओळखू येतो, लोळत पडलेला असतो. त्यावर तू एकदा खिडकीबाहेर बघत म्हणालास, "लोळणारा बरा रं. आळस म्हंजे जे करायला पायजे ते सोडून बाकीचं समदं करणं. तो माणूस तुला कधी बसलेला दिसणार न्हाई."

मी म्हणालो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तू म्हणालास, "बुकात न्हाई. ह्या बसमदी लिहिलंय. बघ की, सगळे दमून चाललेत. ज्याचं काम झालंय असा एक दाखव."

मी दाखवलं नाही. विषय बदलला. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून तू दुपारी दोन प्लेट मिसळ खाल्ली होतीस, त्यावरून तुला खादाडपणाच्या खात्यात घातलं. तू म्हणालास, "रोममध्ये मिसळ कुठं माहितीय, राव? माहीत असती तर घातली असती यादीत." पुढच्या सीटवरचेही हसले. वाद तसाच राहिला. आज तो संपवायला बसलोय, आणि पलीकडे कुणी नाही.

मी जालन्याहून आलो तेव्हा भोसरीतल्या तुझ्या खोलीत तू मला जागा दिलीस. दोन वर्षं आपण एका स्टोव्हवर जेवलो. तूच मला कंपनीत चिकटवलंस आणि तूच माप घ्यायचा मायक्रोमीटर धरायला शिकवलास. मी तो आवळायचो, शेतातल्या नट-बोल्टसारखा. तू माझ्या हातून काढून घेतलास. म्हणालास, मागची छोटी फिरकी फिरव, ती तीनदा टिकटिक वाजेल. तीन टिकटिक ऐकल्याशिवाय आकडा वाचायचा नाही. "डोळ्यावर इस्वास ठेवू नको, कानावर ठेव." मशीनच्या त्या आवाजात ती टिकटिक ऐकायला मला महिना लागला. नंतर ती घरीही ऐकू यायला लागली, पंख्यात, घड्याळात. माझा संसार, मुलीचं शिक्षण, पिंपळे सौदागरचा फ्लॅट, सगळं त्या टिकटिकीवर उभं आहे. हे तुला कधी सांगितलं नाही. आभार मानणं आपल्यात नव्हतं. पण आता कळतं, आभार मानायला गेलो असतो तर पुढचं दुसरंही बोलावं लागलं असतं, म्हणून तेही टाळलं.

ते दुसरं आता लिहितो. लिहायला घेऊन मी तीनदा उठलो. एकदा चहा केला, एकदा गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, एकदा बायकोच्या फोनचा चार्जर दुरुस्त केला.

उपवासकाळातला तो दिवस होता, गुड फ्रायडेच्या आठवडाभर आधीचा. मी सकाळच्या पाळीला इन्स्पेक्टर, तू दुपारच्या. बबनरावांच्या मशीनवर बुश निघत होते, दांड्यावर घट्ट बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या. नियम साधा होता. दर तासाला पाच पीस उचलायचे, माप घ्यायचं, तक्त्यात त्या तासाच्या ओळीत लिहायचं, सही करायची. आठ तास, आठ ओळी. सकाळी सात आणि आठची मापं मी घेतली. नंतर केबिनमध्ये बसलो, कारण फादरांना दोन वाजेपर्यंत क्रुसाच्या वाटेची यादी हवी होती. प्रभूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं, चौदा कुटुंबं, कुणी कुठल्या स्थानाला प्रार्थना म्हणायची ते ठरवायचं. तुला आठवत असेल, काय भांडणं व्हायची. सगळ्यांना बारावं स्थान हवं असायचं, जिथे प्रभू क्रुसावर प्राण सोडतो. तिथे गर्दी जास्त असते आणि फोटो निघतात. तिसऱ्या स्थानाला, तो पहिल्यांदा पडतो तिथे, कुणी यायला तयार नसायचं. मी सकाळभर फोन करत होतो. चांगलं काम होतं. अजूनही मला ते चांगलंच वाटतं.

अकराच्या सुमारास बबनराव केबिनच्या दारात आले. हातात दोन बुश होते. म्हणाले, "साहेब, हत्याराची टिप झिजल्यागत वाटतीय. घेता का एकदा माप?"

मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, "चालू द्या बबनराव. घेतलंय मी आत्ताच."

"बरं. आमी आपलं इचारलं," म्हणाले आणि गेले.

तीनला दहा मिनिटं कमी असताना मी तक्ता पुढे ओढला. उरलेल्या ओळी एका बैठकीत भरल्या. आकडे थोडे वर, थोडे खाली, खऱ्यासारखे. मध्येच पेन बदललं, म्हणजे वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं वाटेल. सही केली. तू आलास, डबा ठेवलास, तक्ता बघितलास. म्हणालास, "सगळं ठीक?" मी म्हणालो, ठीक. यादी झाली का विचारलंस. झाली म्हणालो. तू खूश झालास. तुझ्या घराला तिसरं स्थान दिलं होतं, कारण तू तक्रार करणार नाहीस हे मला माहीत होतं.

पाळी बदलली की नव्या इन्स्पेक्टरने पहिला पीस स्वतः मोजायचा असतो. त्या दिवशी तू मोजला नाहीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते बुश दुसऱ्या कंपनीत बसवायला गेले आणि बसले ते सैल बसले. माल परत आला. दोन दिवस सगळे जमिनीवर बसून एकेक पीस निवडत होते. मग चौकशीची मीटिंग. फळ्यावर साहेबांनी ती पाच ओळींची मांडणी काढली, जिला आपण कंपनीत 'व्हाय-व्हाय' म्हणतो. चूक वर लिहायची आणि पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. साहेबांनी पहिला 'का' विचारला आणि तू उभा राहिलास. म्हणालास, "पहिला पीस मी मोजला नाही. चूक माझी." साहेबांनी खडू खाली ठेवला. त्यांना माणूस मिळाला होता, पुढच्या चार ओळींची त्यांना गरज उरली नव्हती. मी तुझ्या शेजारी बसलो होतो. माझ्या मांडीवर माझेच दोन हात होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. बबनराव मागे उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही, ते बोलले नाहीत.

तुला ताकीदीचं पत्र मिळालं. तुझा मायक्रोमीटर काढून घेतला आणि तुला स्टोअरमध्ये बसवलं, आलेल्या मालाच्या पेट्या बघायला. सीनियरच्या जागेसाठी तुझं नाव होतं, ती जागा मला मिळाली. तू पेढे मागितलेस. मी पेढे आणले. तू एक खाल्लास आणि एक मार्थावहिनींसाठी कागदात बांधून घेतलास.

त्यानंतर मी काय केलं? मी काम केलं, अंतोन. ओव्हरटाइम केला, सुट्ट्या घेतल्या नाहीत. चर्चच्या प्रत्येक समितीत गेलो. रंगकाम, वर्गणी, सहल, नाताळचा गोठा. रेखा म्हणायची, घरात तुम्ही पाहुण्यासारखे येता. तिला वाटायचं मला सेवेची आवड आहे. मला वाटायचं मी प्रायश्चित्त करतोय. दरवर्षी उपवासकाळात पापस्वीकाराला गुडघे टेकायचो आणि म्हणायचो, कामात हलगर्जीपणा केला, कागदावर खोटं लिहिलं. एका वर्षी नव्या फादरांनी जाळीपलीकडून विचारलं, "त्यात कुणाचं नुकसान झालं का?" मी म्हणालो, "कंपनीचं झालं, फादर." त्यांनी मला पापमुक्ती दिली. मी उठलो, बाहेर आलो. बाहेर तू रांगेत उभा होतास, माझ्या मागेच. मला बघून भुवया उडवल्यास, 'झालं का हलकं?' अशा अर्थाने. मी मान हलवली.

पापस्वीकारातही मी तक्ता भरत होतो.

आणि दरवर्षी, सातव्या रविवारी, पार्टिशनपलीकडून मला तो धडा ऐकू यायचा. आळसावर उदाहरण तू स्वतःचंच द्यायचास. मुलांना सांगायचास की मी माझी नोकरीतली जागा आळसाने घालवली. मग फळ्यावर एक ते पाच आकडे खाली खाली लिहायचास, खडूचा आवाज यायचा. खराब माल का गेला? कारण मी पहिला पीस मोजला नाही. का मोजला नाही? कारण सकाळचा तक्ता बघितला, त्यात सगळे आकडे बरोबर होते. कागदावर का भागवलं? कारण सही माझ्या माणसाची होती.

इथे तू थांबायचास. नाव कधी घेतलं नाहीस. चौथा आणि पाचवा रिकामा ठेवून तू मुलांना प्रार्थनेला उभं करायचास. मला वाटायचं वेळ संपला. अकरा वर्षं मला वाटायचं की वेळ संपला. तुझ्या प्रार्थनेच्या वेळी मी माझ्या मुलांना मुद्दाम मोठ्याने गाणं म्हणायला लावायचो.

तुला माहीत होतं का? तक्ता तू हातात धरला होतास. पेन बदललेलं तुझ्या नजरेतून सुटलं असेल? शंभर पेट्यांतून एक वाकडा पीस उचलणारा तू. पण तुझ्या वागण्यात कधीच काही बदललं नाही, आणि म्हणून मी स्वतःला सांगत राहिलो की नसेल माहीत. तुझा चांगुलपणा मी पांघरूण म्हणून वापरला.

तू आजारी पडलास त्या आठ महिन्यांत मी चार वेळा आलो. प्रत्येक वेळी कुणाला तरी बरोबर घेऊन. एकदा समितीतली माणसं, एकदा रेखा, एकदा फादर, एकदा तर शेजारच्या सोसायटीतला एक जण, जो तुला ओळखतही नव्हता. फळं ठेवायचो, डॉक्टरांचे कागद बघायचो, वहिनींना विम्याचं समजावून सांगायचो. तू उशीला टेकून माझ्याकडे बघत असायचास. शेवटी तू फोन केलास. आवाज गेला होता तुझा. म्हणालास, "विल्या, रविवारी ये. एकटा ये."

मी म्हणालो, या रविवारी जमत नाही रे, सोमवारी ऑडिट आहे. पुढच्या रविवारी नक्की.

मग म्हणालास, "ऑडिट व्हय. बरं. नीट कर."

पुढचा रविवार तुला मिळाला नाही. ऑडिट नीट झालं. एकही चूक निघाली नाही.

तुझ्या आजारपणात फादर स्वतः घेत होते तो तुझा वर्ग तुझ्या जाण्यानंतर त्यांनी मला दिला. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण मी कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. पहिले दोन रविवार कसेबसे काढले. तिसरा सातव्या पापाचा. तुझी खुर्ची मुलांनी भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवली. एकजण जांभई देत होता. मग काय करावं ते सुचेना आणि मी फळ्याकडे वळून तुझ्यासारखे एक ते पाच आकडे लिहिले. तीन उत्तरं मला पाठ होती. लिहिली. माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे, हे तेव्हा उगाचच मनात आलं. चौथ्यावर खडू टेकवला तेवढ्यात मागून आवाज आला.

स्नेहल होती. चर्चमध्ये गाणाऱ्या आपल्या कॉयरमधल्या शांताबाईंची नात, नववीतली. दोन वर्षं तुझ्या वर्गात. म्हणाली, "सर, इथं थांबायचं असतं. खालच्या दोन ओळी अंतोन सरांच्या नाहीत."

मी न वळता विचारलं, "मग कुणाच्या?"

"ते म्हणायचे, ज्याच्या आहेत तो येऊन लिहील."

बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षीच्या मुलांना माहीत असणार. एका प्लायवूडपलीकडे मी तेवढा गाणं म्हणत होतो.

खडू माझ्या हातात मोडला. दुसरा घेतला. अंतोन, मी शूर माणूस नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी लिहिलं, कारण आता न लिहिण्याचीही ताकद उरली नव्हती. चौथ्या ओळीत लिहिलं: कारण विल्सन सरांनी माप न घेता आकडे भरले होते.

दोन-तीन मुलं हसली. त्यांना वाटलं, उदाहरणासाठी नाव घातलंय. मग मी वळलो आणि ती हसायची थांबली.

"का भरले, सर?" स्नेहलने विचारलं. तिने धडा तुझ्याकडून शिकला होता. पुढचा 'का' विचारायचाच असतो.

पाचव्या ओळीत लिहिलं: कारण ते क्रुसाच्या वाटेची यादी करत होते.

मग तो जांभई देणारा मुलगा म्हणाला, पण सर, ते तर चांगलं काम आहे. मी म्हणालो, हो. तो म्हणाला, मग पाप कसं? आणि मला बसमधला तुझा चेहरा आठवला, खिडकीकडे वळलेला. मी त्याला तुझं वाक्य सांगितलं. तुझ्यासारखं मला ते म्हणता आलं नाही. पण वाद संपला, अंतोन. तू जिंकलास. तुझ्या बाजूने पुरावा मी आहे.

मिस्साची माणसं पांगेपर्यंत थांबलो नाही. त्या दिवशी समितीची मीटिंग होती, तिथे गेलो नाही. स्कूटर काढली आणि थेट दिघीला तुझ्या घरी गेलो, एकटा. मार्थावहिनी पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून त्या मागे बघायला लागल्या, आणखी कोण आलंय म्हणून. कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

मी सगळं सांगितलं. यादी, बबनराव, पेन, मीटिंग, फळा. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणालो, मला माफ करा, वहिनी.

त्यांनी सुपाबाहेर पडलेली पानं गोळा केली. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग, भाऊजी? त्यांना सांगायला पाहिजे होतं. शेवटच्या रविवारी त्यांनी दाढी करून घेतली होती. म्हणाले, विल्या येणारे. मी म्हटलं, येणार नाहीत म्हणालेत ना. तर म्हणाले, येईल, त्याचं काही सांगता येत नाही." आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. चहा विचारला नाही. मला तेच बरं वाटलं.

म्हणून हे तुला लिहितोय. फादरांना विचारलं, चर्चच्या पत्रकात छापाल का? त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, विल्सन, हे असंच छापायचं? मी म्हणालो, असंच. मग घरी येऊन पुन्हा एकदा वाचलं. पूर्ण वाचलं, आणि एक ओळ बदलायची राहिली आहे हे दिसलं. वर मी लिहिलंय की सात आणि आठची मापं घेतली होती. अकरा वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलोय, निदान दोन तरी खरी होती म्हणून. ती ओळ खोडणार नाही, लोकांना दिसू दे. पण तुला खरं सांगतो, अंतोन. त्या दिवशी सकाळी सातपासून तीनपर्यंत मायक्रोमीटर डबीतच होता. ती टिकटिक मी एकदाही ऐकली नाही.